पेट स्कॅनमध्ये मेंदूतलं नेमकं काय दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ७१ वर्षांच्या वडिलांना दीड वर्षापासून विसर पडतोय आणि बोलताना शब्द सापडत नाहीत. एमआरआयच्या रिपोर्टात ‘वयानुरूप बदल’ एवढंच आलं. न्यूरोलॉजिस्टनी मेंदूचा पेट स्कॅन सांगितलाय. घरात एकाचं म्हणणं असं, की एवढा खर्च करतोच आहोत तर डोपामाइन, सेरोटोनिन वगैरे मेंदूतली रसायनं, सगळं एकदमच बघून घ्यावं. तर हा स्कॅन जिवंत मेंदूतलं नेमकं काय दाखवतो, आणि सगळं एकदम दिसतं का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. नाही, सगळं एकदम दिसत नाही, आणि का नाही हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. पेट स्कॅनर स्वतः काहीच ओळखत नाही. त्याला डोपामाइन कळत नाही, अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) कळत नाही, अल्झायमर तर नाहीच नाही. डोक्यातल्या अमुक रेषेवरून ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या दोन गॅमा किरणांची जोडी एकाच क्षणी, एकमेकांच्या विरुद्ध दिशांना बाहेर पडली, एवढंच त्याला कळतं. अशा कोट्यवधी जोड्या मोजून तो चित्र तयार करतो. त्या चित्राला अर्थ येतो तो शिरेतून दिलेल्या ट्रेसरमुळे. ट्रेसर म्हणजे किरणोत्सर्गी खूण लावलेला एक ठरावीक रेणू. तो ग्लुकोजसारखा असेल तर चित्र ग्लुकोजच्या वापराचं, अमायलॉइडला चिकटणारा असेल तर अमायलॉइडचं. म्हणून आमच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात पहिला सवाल ‘ट्रेसर कुठला?’ हाच असतो. एका इंजेक्शनने मेंदूला एकच प्रश्न विचारता येतो, आणि प्रश्न चुकीचा निवडला तर उत्तर कितीही सुरेख रंगात आलं तरी उपयोग शून्य.

एमआरआय नॉर्मल पण माणूस बदललेला, हे आमच्याकडे रोजचं आहे. त्यात विसंगती काही नाही. एमआरआय प्रामुख्याने ऊतींमधल्या पाण्याच्या हायड्रोजनचा सिग्नल पकडतो. मेंदूचं आकुंचन, जुने-नवे स्ट्रोक, गाठ, पाणी साचणं यासाठी त्याला तोड नाही, आणि पेटच्या आधी तो व्हायलाच हवा. एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने काही रसायनंही मोजता येतात, पण ती मिलिमोलर प्रमाणात असावी लागतात. डोपामाइनचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागांवर ते जाऊन बसतं त्या, असतात नॅनोमोलर प्रमाणात, म्हणजे लाखो पटींनी विरळ. इतकं विरळ काही जिवंत माणसाच्या कवटीबाहेरून हुडकायचं तर किरणोत्सर्गी खुणेला आजही पर्याय नाही. ही कल्पना जॉर्ज द हेवेशी यांची. १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. खूण लावलेला रेणू इतका थोडा द्यायचा की मूळ व्यवहाराला धक्का लागू नये. आम्ही देतो त्या ट्रेसरचं वजन सहसा काही मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असतं. म्हणून ‘इंजेक्शनने बाबांना गुंगी येईल का?’ याची काळजी नको.

चांगला ट्रेसर बनवणं मात्र महाकठीण. तो रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडून आत गेला पाहिजे, हव्या त्याच रेणूला चिकटला पाहिजे, बाकी ठिकाणांहून लवकर धुऊन निघाला पाहिजे, आणि यकृतात त्याचे तुकडे झाले तर ते तुकडे मेंदूत शिरता कामा नयेत. खुद्द डोपामाइनला खूण लावून टोचलं तर ते मेंदूत पोचतच नाही. पार्किन्सनच्या रुग्णाला डोपामाइन न देता लेव्होडोपा (मेंदूत शिरून ज्याचं डोपामाइन बनतं तो कच्चा माल) का देतात, त्याचं कारणही हेच. हॅमिल्टन, कॅनडा इथल्या गटाने १९८३ मध्ये फ्लोरिन-१८ लावलेल्या डोपाने जिवंत माणसातलं डोपामाइनचं कोठार पहिल्यांदा दाखवलं, ते याच आडवाटेने.

आता हे बनतं कुठे? पेटचे बहुतेक ट्रेसर सायक्लोट्रॉनवर, म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर बनतात. भारतातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. ऑक्सिजन-१८ ने समृद्ध केलेल्या पाण्यावर प्रोटॉनचा मारा केला की फ्लोरिन-१८ मिळतं. मग शिशाच्या जाड भिंतींआड, स्वयंचलित मॉड्यूलमध्ये ते रेणूला जोडायचं, शुद्ध करायचं, तपासायचं, शिशाच्या भांड्यात भरून गाडीने पाठवायचं. हे सगळं घड्याळाशी शर्यत लावून, कारण फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं. सकाळी ६ वाजता १०० भाग असतील तर ८ वाजायच्या आत ५० उरतात, पावणेदहापर्यंत २५. दिलेल्या वेळेवर या असं आम्ही पुन्हा पुन्हा बजावतो ते शिस्तीच्या हौसेपोटी नव्हे. कार्बन-११ चं अर्धायुष्य तर २० मिनिटं; त्यासाठी सायक्लोट्रॉन त्याच आवारात हवा. ऑक्सिजन-१५ चं दोनच मिनिटं. संशोधनात वाचलेले कितीतरी ट्रेसर तुमच्या शहरात मिळत नाहीत, त्याचं मुख्य कारण हे अर्धायुष्य आहे. डॉक्टरांची अनास्था नव्हे.

तुमच्या वडिलांना बहुधा एफडीजी पेट सांगितला असेल. चिठ्ठीवर नीट बघा. ‘होल बॉडी’ लिहिलं असेल तर तो कॅन्सरसाठीचा प्रोटोकॉल असतो. तुम्हाला ‘ब्रेन’ हवाय. एफडीजी म्हणजे ग्लुकोजचा एक भाऊबंद. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, हेक्सोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडतं, पण पुढची पायरी होत नाही आणि तो तिथेच अडकून पडतो. जिथे ग्लुकोजचा खप जास्त तिथे अडकलेला साठा जास्त. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या अवस्थेतही ऊर्जेतला त्याचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातला मोठा भाग चेतापेशींच्या जोडण्यांवर खर्च होतो. जोडण्या मंदावल्या की आकार बदलायच्या आधी खप कमी होतो. एमआरआयच्या आधी एफडीजीत बदल दिसू शकतो तो म्हणून.

ही पद्धत मुळात लुई सोकोलोफ यांची. त्यांनी प्राण्यांमध्ये कार्बन-१४ लावलेलं डीऑक्सिग्लुकोज वापरलं, पण त्यासाठी मेंदू काढून त्याचे काप करावे लागत. जिवंत माणसाच्या बाहेरून मोजता येईल अशी खूण हवी होती. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तात्सुओ इदो, आल्फ्रेड वुल्फ, जोअॅना फाउलर यांच्या गटाने फ्लोरिन-१८ लावलेला एफडीजी बनवला, आणि ऑगस्ट १९७६ मध्ये तो विमानाने फिलाडेल्फियाला नेऊन पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात पहिल्यांदा निरोगी स्वयंसेवकांना टोचला. आज ज्या एफडीजीवर जगभर कॅन्सरचे स्कॅन चालतात, तो माणसात पहिल्यांदा वापरला गेला मेंदूसाठी. कॅन्सरवाल्यांना मी हे अधूनमधून ऐकवतो.

चित्र वाचताना आम्ही एकूण खप किती यापेक्षा कुठे कमी आणि कुठे शाबूत, ही ठेवण बघतो. अल्झायमरमध्ये पोस्टिरिअर सिंग्युलेट आणि प्रिक्युनिअस (दोन्ही मेंदूच्या मागच्या बाजूला, मधोमध) आणि दोन्ही बाजूंचे पराइटल-टेम्पोरल (डोक्याच्या वरचा-मागचा आणि कानाजवळचा) भाग मंद होतात. हालचाल व स्पर्शाची पट्टी, दृष्टीचा भाग आणि खोलातली बेसल गँग्लिया ही केंद्रं बराच काळ शाबूत राहतात. पोस्टिरिअर सिंग्युलेट अगदी सुरुवातीलाच मंदावतो हे सातोशी मिनोशिमा आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं, आणि आजही कुठलाही मेंदूचा स्कॅन उघडला की माझी नजर आधी तिथेच जाते. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात कपाळामागचा आणि टेम्पोरलचा पुढचा भाग जातो. लुई बॉडी डिमेन्शियात मागचा, दृष्टीचा भाग मंद होतो आणि पोस्टिरिअर सिंग्युलेट त्या मानाने उजळ राहतो. वडिलांना शब्द सापडत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा डावी बाजू विशेष बारकाईने बघितली जाईल. वस्तू ओळखतात पण नाव ओठांवर येत नाही, लांब वाक्य म्हणून दाखवता येत नाही, असं असेल तर डावा पराइटल-टेम्पोरल सांधा. ‘कात्री म्हणजे काय?’ असा अर्थच हरवला असेल तर डाव्या टेम्पोरलचं टोक. त्यामुळे रेफरन्सच्या कागदावर ‘मेमरी लॉस’ एवढंच लिहून आणू नका. बोलण्यात नेमकं काय बदललं, वागण्यात काय, झोपेत हातवारे किंवा ओरडणं आहे का, नसलेली माणसं दिसतात का, हे घरच्यांनी अर्ध्या पानावर लिहून दिलं तर रिपोर्टाचा दर्जा खरोखर बदलतो.

तयारीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण अर्धे फसलेले स्कॅन तयारीत फसतात. ४ ते ६ तास उपाशी यायचं, साधं पाणी चालतं, चहा-कॉफी नको. आल्यावर बोटातून साखर तपासतात. रक्तातलं ग्लुकोज चढलेलं असेल तर ते आणि एफडीजी एकाच दारात गर्दी करतात, चित्र फिकं येतं, आणि वाईट म्हणजे साखर जास्त असताना मेंदूच्या मागच्या भागातला खप अल्झायमरसारखाच कमी दिसू शकतो. एखाद्या मधुमेहीला साखरेमुळे अल्झायमरचा शिक्का लागणं ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे. साखर खाली आणायला ऐनवेळी इन्सुलिन टोचलं तर एफडीजी स्नायूंकडे पळतो. म्हणजे साखर आदल्या दोन-चार दिवसांत आवाक्यात आणायची, स्कॅनच्या दिवशी धावपळ करून नव्हे.

मग सुई. ती आधीच लावून ठेवतात. दुखणं, भीती, चिडचिड शांत होऊ द्यायची, आणि मंद उजेडाच्या शांत खोलीत निजवून १५-२० मिनिटांनी डोस द्यायचा. त्यानंतर अर्धा तास बोलणं नाही, मोबाइल नाही, गाणी नाहीत, कारण एफडीजी मुख्यतः याच वेळात मेंदूत अडकतो. या अर्ध्या तासात मेंदू जे करत असेल तेच चित्रात गोठतं. बाबांना धीर द्यायला म्हणून शेजारी बसून सतत बोलत राहिलात तर त्यांचा श्रवणाचा भाग उजळलेला दिसेल. हात धरून बसा, गप्प बसा. प्रत्यक्ष डोक्याचा स्कॅन १०-१५ मिनिटांत आटोपतो. तेवढा वेळ डोकं स्थिर राहिलं पाहिजे. चालू औषधांची यादी आणा, विशेषतः झोपेच्या आणि फिटच्या गोळ्या. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका.

अमायलॉइड पेट हा वेगळा स्कॅन. त्याची गोष्ट मला नेहमी आवडते. शवविच्छेदनानंतर मेंदूच्या कापावर अमायलॉइडचे थर दिसावेत म्हणून पॅथॉलॉजिस्ट थायोफ्लेविन-टी हा रंग वापरत. विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी पिट्सबर्गमध्ये त्या रेणूवरचा विद्युतभार काढून टाकला, जेणेकरून तो जिवंत मेंदूत शिरेल, आणि कार्बन-११ लावलेलं पिट्सबर्ग कंपाउंड-बी तयार केलं. पहिला माणसावरचा स्कॅन २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाला झाला, निकाल २००४ मध्ये छापून आले. अल्झायमरचा एक पुरावा तोवर मृत्यूनंतरच हाती येत असे. तो हयातीत दिसू लागला. पुढे फ्लोरिन-१८ वाले ट्रेसर आले. फ्लोरबेटापिरला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. त्यासाठी आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या लोकांचे स्कॅन करून ते शवविच्छेदनाशी ताडून पाहिले गेले. आपल्याकडे हा स्कॅन मोजक्या ठिकाणी होतो.

तो वाचायची पद्धत बघण्यासारखी आहे. हे ट्रेसर मेंदूच्या आतल्या पांढऱ्या द्रव्यात सगळ्यांच्याच थोडे रेंगाळतात, निरोगी माणसाच्याही. म्हणून स्कॅन निगेटिव्ह असतो तेव्हा पांढऱ्या द्रव्याच्या फांद्या बाहेरच्या दिशेने स्पष्ट दिसतात आणि बाहेरचा करडा थर काळोखा असतो. पॉझिटिव्ह स्कॅनमध्ये तो करडा थरही भरतो, आतल्या-बाहेरच्या थरांमधली सीमारेषा पुसली जाते, फांद्या संपून कड गुळगुळीत होते, दोन गोलार्धांमधली फट अरुंद होते. फ्लोरबेटापिरचा स्कॅन आम्ही रंगात न वाचता कृष्णधवलात वाचतो, कारण रंगीत पट्टी कुठे बदलते यावर डोळा फसतो. पेशंटला दिलेल्या प्रिंटवर लाल दिसलं म्हणून घरी बसून घाबरू नका.

आणि इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. अमायलॉइड असणं म्हणजे डिमेन्शिया असणं नव्हे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, बुद्धी व्यवस्थित असलेल्या लोकांतही अमायलॉइड पॉझिटिव्ह असण्याचं प्रमाण वयाच्या ५० व्या वर्षी १० टक्के, तर ९० व्या वर्षी ४४ टक्के निघालं. म्हणजे सत्तरीच्या माणसात पॉझिटिव्ह स्कॅनने एकट्याने काहीच सिद्ध होत नाही. निगेटिव्ह स्कॅनचं वजन मात्र मोठं: विसरण्याचं कारण अल्झायमर असण्याची शक्यता तो जवळजवळ मोडीत काढतो. बापिन्युझुमॅब या औषधाच्या चाचण्यांत, जोखमीचा एपीओई-४ जनुकप्रकार नसलेल्या ज्या रुग्णांचा अमायलॉइड पेट झाला, त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या मेंदूत पुरेसं अमायलॉइड नव्हतंच. अनुभवी तज्ज्ञांनी तपासून ‘अल्झायमर’ म्हणून भरती केलेली माणसं ही! अमायलॉइड काढणारं औषध त्यांना देऊन काय होणार? त्यानंतर चाचण्यांत आधी अमायलॉइडचा पुरावा घेणं रूढ झालं. लेकॅनेमॅब आणि डोनॅनेमॅब ही अमायलॉइड काढणारी नवी औषधं देण्याआधीही तो पुरावा लागतो, आणि डोनॅनेमॅबच्या मुख्य चाचणीत तर अमायलॉइड साफ झालं की औषध थांबवायचं, हेही पेटवरच ठरलं. अमेरिकेतल्या आयडियाज अभ्यासात, ११,४०९ लोकांचा, अमायलॉइड पेटनंतर ६० टक्क्यांहून अधिक जणांचे उपचार बदलले. अर्थात उपचार बदलणं आणि रुग्ण सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी. आता टाउ या अल्झायमरमधल्या दुसऱ्या प्रथिनावरची, पी-टाउ-२१७ ची रक्ततपासणी आली आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत तिला मंजुरीही मिळाली. माझ्या मते पुढच्या काही वर्षांत अमायलॉइड पेट गोंधळाच्या केसपुरता उरेल, आणि ते चांगलंच आहे. टाउ पेटची खरी ताकद वेगळी आहे: टाउचा पसारा लक्षणांच्या जागेशी जास्त जुळतो. फ्लॉर्टॉसिपिरला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली, पण तुमच्या निर्णयासाठी आज तो लागत नाही.

आता डोपामाइन. त्याचा स्कॅन आहे, पण तो मुख्यतः पार्किन्सनसाठी, आणि तोही ‘डोपामाइन किती’ हे सांगत नाही. आपल्याकडे जास्त चालतो तो टेक्नेशियम-९९एम लावलेला ट्रोडॅट स्पेक्ट स्कॅन (स्पेक्ट म्हणजे पेटचाच साधा भाऊबंद). तो डोपामाइन परत आत ओढणाऱ्या ट्रान्सपोर्टरला चिकटतो, म्हणजे डोपामाइनच्या तंतूंची टोकं किती शिल्लक आहेत ते दाखवतो. टेक्नेशियम जनरेटरमधून मिळतं, सायक्लोट्रॉन लागत नाही, म्हणून तो आवाक्यात आहे. ही टोकं जिथे असतात ते स्ट्रायटम (मेंदूच्या खोलातला भाग) निरोगी असेल तर स्वल्पविरामासारखं दिसतं. पार्किन्सनमध्ये आधी मागची शेपटी जाते, सहसा एका बाजूची जास्त, आणि उरतो पूर्णविराम. थरथर आहे पण पार्किन्सन की नुसता इसेन्शियल ट्रेमर, असा घोळ असेल तर हा स्कॅन मोलाचा. आणि एक गोष्ट आपल्याकडची: गॅस-ॲसिडिटीच्या कॉम्बिनेशन गोळ्यांत लेव्होसल्पिराइड असतं, चक्करेसाठी सिनारिझीन महिनोन्महिने चालू राहतं, आणि म्हातारा माणूस हळूहळू ताठर होतो, पाय घासत चालायला लागतो. ही औषधं रिसेप्टर अडवतात, टोकं शाबूत असतात, म्हणून स्कॅन नॉर्मल येतो. असा नॉर्मल स्कॅन बघितला की मी आधी औषधांची पिशवी मागवतो. वडिलांना ताठरपणा नसेल, चाल बदलली नसेल, तर हा स्कॅन त्यांना कशाला?

खुद्द डोपामाइन सुटताना दिसतं का? आडून दिसतं. कार्बन-११ लावलेलं रॅक्लोप्राइड डोपामाइनच्या डी-२ रिसेप्टरवर सैल बसतं. मेंदूने डोपामाइन सोडलं की ते त्याच जागांवर दावा सांगतं आणि रॅक्लोप्राइडचा सिग्नल उतरतो. या हिशेबाने व्हँकूवरच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की पार्किन्सनच्या रुग्णांना औषध म्हणून नुसतं सलाइन दिलं, तरी त्यांच्या स्ट्रायटममध्ये डोपामाइन सुटतं. ‘मनाचे खेळ’ म्हणून आपण ज्याची बोळवण करतो, त्याचा रासायनिक माग त्यांनी लावला. पण बघा, हे गटाच्या सरासरीचं निरीक्षण. एकाच माणसाचा तोच स्कॅन दोनदा केला तरी आकडा काही टक्क्यांनी हलतो, आणि जो बदल शोधायचा तोही बऱ्याचदा १०-२० टक्क्यांच्याच घरातला. तेव्हा ‘तुमचं डोपामाइन कमी आहे’ असं एका स्कॅनवरून कोणी सांगत असेल तर तिथून उठून या. सेरोटोनिनचं तर विचारूच नका. नैराश्याचं निदान करणारा कुठलाही पेट किंवा स्पेक्ट स्कॅन आज प्रस्थापित नाही.

याचा अर्थ मनोविकारात हे तंत्र वाया गेलं असा नाही. उलट तिथे त्याने सगळ्यात ठोस काम केलं, फक्त निदानात नव्हे तर डोसमध्ये. १९८३ च्या मे महिन्यात जॉन्स हॉपकिन्सच्या हेन्री वॅग्नर यांनी स्वतःलाच ट्रेसर टोचून घेतला आणि डोपामाइन रिसेप्टरचं पेट चित्र काढलं. पुढे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत लार्स फार्डे यांच्या गटाने, गोळ्या चालू असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत किती टक्के रिसेप्टर औषधाने व्यापलेत ते मोजलं. टोरांटोत शितिज कपूर यांनी हॅलोपेरिडॉल या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर तेच काम पुढे नेलं: साधारण ६५ टक्क्यांपुढे गुण येतो, ७८ टक्क्यांपुढे ताठरपणा-थरथर येते. म्हणजे खिडकी अगदी अरुंद, आणि दिवसाला २ मिलिग्रॅमही बऱ्याच जणांना त्या खिडकीत नेतात. त्याआधी त्याच्या कितीतरी पट डोस सर्रास दिले जात. क्लोझापिन हे त्याच आजारावरचं औषध मात्र या हिशेबात बसत नाही. कमी व्याप्तीतही ते काम करतं.

याची उलट बाजूही तितकीच शिकवणारी. एनके-१ रिसेप्टर अडवला तर नैराश्य उतरेल अशी मोठी आशा होती, आणि त्यासाठी ॲप्रेपिटंट हे औषध मोठ्या चाचण्यांत उतरलं. चाचण्या फसल्या. एरवी प्रश्न राहिला असता की डोस कमी पडला का, औषध मेंदूत पोचलंच नाही का. पेटने आधीच दाखवलं होतं की त्या डोसला ९० टक्क्यांहून जास्त रिसेप्टर व्यापले जातात. औषध पोचलं होतं. कल्पनाच चुकली होती. ॲप्रेपिटंट आज केमोथेरपीच्या उलट्यांवर वापरलं जातं.

आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा? रिपोर्टात एसयूव्हीआर असेल तर लक्षात घ्या, ते गुणोत्तर असतं: हव्या त्या भागातला सिग्नल भागिले तुलनेच्या भागातला, बहुतेकदा सेरिबेलम (लहान मेंदू). झेड-स्कोअर असेल तर तो निरोगी लोकांच्या सरासरीपासूनचं अंतर सांगतो. तुलनेचा भागच आजारी असेल तर सगळं गणित सरकतं. शिवाय स्कॅनरची नजर ४-५ मिलिमीटरची आणि मेंदूचा बाहेरचा थर सुमारे अडीच-तीन मिलिमीटरचा. थर आकुंचला की सिग्नल कमी भासतो, म्हणून एमआरआय शेजारी उघडा ठेवूनच वाचायचं. मेंदूतल्या सुजेच्या ट्रेसरची तर आणखीच पंचाईत. टीएसपीओ या प्रथिनाला चिकटणारे नव्या पिढीचे ट्रेसर एका साध्या जनुकीय फरकामुळे काही माणसांत घट्ट, काहींत सैल बसतात. ते तपासल्याशिवाय दोन माणसांची तुलनाच होत नाही.

तर वडिलांसाठी क्रम माझ्या मते असा: सविस्तर स्मृतिचाचणी, बी-१२ आणि थायरॉइड, नीट प्रोटोकॉलचा एमआरआय, मग एफडीजी ब्रेन पेट. त्यात स्पष्ट ठेवण दिसली आणि लक्षणांशी जुळली, तर बहुतेकदा तिथेच थांबता येतं. ठेवण संदिग्ध असेल, किंवा अमायलॉइडवरच्या औषधाचा खरोखर विचार असेल, तरच अमायलॉइडची तपासणी, रक्ताची किंवा पेटची. ‘निकालाने आपण काय वेगळं करणार?’ हे न्यूरोलॉजिस्टना आधीच विचारा. उत्तर ‘काही नाही’ असेल तर पैसे वाचवा.

किरणोत्सर्गाचं म्हणाल तर मेंदूच्या एफडीजीचा नेहमीचा डोस ५ मिलिक्युरीच्या आसपास असतो आणि त्यातून मिळणारी मात्रा साधारण साडेतीन मिलिसिव्हर्ट. सोबतच्या सीटीची थोडी वर. ७१ वर्षांच्या माणसाला एवढ्याने काळजीचं कारण नाही. स्कॅननंतर भरपूर पाणी पाजा, वारंवार लघवीला पाठवा, आणि घरी तान्हं बाळ असेल तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांच्या मांडीवर देऊ नका, गरोदर सून असेल तर तिनेही तोवर जरा लांब बसावं. जुन्या एमआरआयची फिल्म नको, सीडी आणा.